दीड लाखाचं टार्गेट, ३१ दिवस बाकी: वेलकम बोनससाठी कार्ड किती घासायचं?

इंदिरानगरी (धागाकर्ता), १६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

मंडळी, उद्या वसुबारस आणि मी इथे एक्सेल उघडून बसलोय, त्यामुळे घरून बोलणी खाऊन झाली आहेत.

ऑगस्टमध्ये एक नवीन क्रेडिट कार्ड घेतलं. मॉलमध्ये टेबल टाकून बसलेल्या पोराने गळ्यात मारलं म्हणा. वार्षिक फी ५,००० अधिक जीएसटी, म्हणजे ५,९००. ९० दिवसांत दीड लाख खर्च केले की १०,००० पॉइंट वेलकम बोनस. कार्ड १८ ऑगस्टला कुरिअरने हातात आलं, म्हणजे माझ्या हिशेबाने १६ नोव्हेंबरपर्यंत मुदत. आजपर्यंत ॲपमध्ये ६३,४०० दिसतात. उरले ८६,६००.

माझा महिन्याचा कार्डावरचा खर्च पंचवीस-तीस हजार. पूर्वी घरभाडं ॲपवरून कार्डाने भरायचो, ते गेल्या महिन्यापासून बंद पडलं. साडूचं मेनरोडला मोबाइलचं दुकान आहे. तो म्हणतो, मशीनवर ८७ हजार मारून घेतो, २ टक्के कापून रोख देतो. म्हणजे १,७४० गेले आणि बोनस खिशात. दुसरा विचार म्हणजे परवा धनत्रयोदशी आहे, सोन्याचं नाणं घ्यावं आणि नंतर मोडावं.

कुणी असं टार्गेट पूर्ण केलंय का? खाचाखोचा सांगा.

सिडको_एक्सप्रेस, १६ ऑक्टोबर, रात्री १०:५२

घरात मशीन असताना धागा कशाला काढतो भो? घास आणि मोकळा हो. मी तर परवा नाणंच घेणार आहे, माझंही ४० हजारांचं टार्गेट बाकी आहे.

मेनरोडचा_दुकानदार, १६ ऑक्टोबर, रात्री ११:३५

दिवाळीच्या गर्दीत दिवसभर उभा राहून पाय मोडलेत, तरी हे वाचून टाईप करायला बसलो.

इंदिरानगरी, तुमचा साडू एकतर भोळा आहे नाहीतर त्याला अजून फटका बसलेला नाही. क्रेडिट कार्ड मारलं की मशीनवाले माझ्याकडून दीड-दोन टक्के कापतात. म्हणजे तुमच्या २ टक्क्यांत त्याला काही सुटत नाही, नातं जपायला तो हे करतोय. पण खरा घोळ पुढे आहे. मशीनवर ८७ हजारांची विक्री दिसली की तेवढ्याचं बिल फाडायला हवं. माल न देता बिल फाडणं हा जीएसटी कायद्यात गुन्हा आहे. बिल नाही फाडलं तर बँकेच्या सेटलमेंटला एक आकडा आणि जीएसटी रिटर्नमध्ये दुसरा. आणि बिल फाडलंच तर त्या ८७ हजारांतला जीएसटी कोण भरणार? मोबाइलला १८ टक्के आहे. तुमचे दोन टक्के त्याला कुठे पुरणार?

आमच्या लायनीत एकाने मागे हे केलं. ओळखीचा पोरगा, चार दिवसांत ४९ हजार, ५० हजार, ४८,५००, असे आकडे. एकच कार्ड, एकच दुकान. मशीन देणाऱ्या कंपनीचा फोन आला: बिलं दाखवा, स्टॉक दाखवा, कार्डधारकाचा पत्ता द्या. तो दाखवणार काय? मशीन बंद, आधीच्या खऱ्या विक्रीचे पैसेसुद्धा अडकले. ऐन सीझनला गिऱ्हाईक कार्ड काढायचं आणि हा म्हणायचा, समोरच्या एटीएममधून आणा. त्या पोराचं कार्डही बँकेने गोठवलं, बोनस तर दूरच.

साडूला माझा नमस्कार सांगा आणि खरंच मोबाइल घ्यायचा असेल तर घ्या.

पंचवटीकर, १७ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

मी बँकेतून निवृत्त झालो, कार्ड विभागातही काही वर्षं होतो. दुकानदारांनी मशीनचं सांगितलं ते बरोबरच आहे, पण मला आधी तुमचे ६३,४०० खटकतात.

ॲपमध्ये दिसतो तो एकूण खर्च. बोनससाठी धरला जातो तो पात्र खर्च. या दोन्हींत फरक असतो आणि तो अटींच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेला असतो. बहुतेक कार्डांत वार्षिक फी, व्याज, रोख काढलेली रक्कम हे मोजत नाहीत. पुष्कळ ठिकाणी पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, भाडं, सरकारी भरणा हेही वगळतात. ईएमआयवर घेतलेली वस्तू काही बँका मोजतात, काही नाही. परत केलेल्या वस्तूचा रिफंड तर सरळ वजा होतो, आणि तो मुदत संपल्यावर आला तरी होऊ शकतो.

दुसरी गोष्ट तारखेची. ९० दिवस कार्ड हातात आल्यापासून की बँकेच्या सिस्टीममध्ये तयार झाल्यापासून? बहुधा तयार झाल्यापासून. आणि शेवटच्या दिवशी कार्ड घासून उपयोग नाही. दुकानात स्वाइप केलं की व्यवहार आधी ‘पेंडिंग’ असतो, खात्याला लागायला दोन-तीन दिवस जातात. काही बँका लागल्याची तारीख धरतात.

कस्टमर केअरला फोन करा, पण फोनवर विसंबू नका. ईमेल टाका: माझ्या कार्डाची मुदत कोणत्या तारखेला संपते, आजपर्यंतचा पात्र खर्च किती? उत्तर लेखी मागवा. पुढे वाद झाला तर तोच कागद कामाला येतो. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण तिथेही कागदच बोलतो.

इंदिरानगरी, १८ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

काका, पाया पडतो.

ईमेल टाकला, आज उत्तर आलं. पेट्रोल ७,२०० वगळलं. वॉलेटमध्ये ५,००० टाकले होते, वगळले. फी ५,९०० वगळली. म्हणजे ६३,४०० मधून १८,१०० उडाले. पात्र खर्च ४५,३००. उरले १,०४,७००!

आणि कार्ड ‘सेटअप’ झालंय ७ ऑगस्टला. मुदत १६ नाही, ५ नोव्हेंबर. धागा काढला तेव्हा मला वाटत होतं ३१ दिवस आहेत, होते २०. आता १८.

वॉलेटचे ५,००० तर मी खास टार्गेटसाठीच भरले होते. त्याच्यावर १ टक्का फीसुद्धा लागली, ती आत्ता दिसली.

सिडको_एक्सप्रेस, १८ ऑक्टोबर, दुपारी ३:३१

🙏🙏 घरी जाऊन माझ्याही अटी वाचतो.

प्रेसवाल्याची_लेक, १८ ऑक्टोबर, रात्री ९:०५

मी नाशिकरोडची, सध्या न्यू जर्सीत. हा सगळा ‘साइन-अप बोनस’चा खेळ मूळ इकडचा, म्हणून दोन गोष्टी सांगते, कारण आपल्याकडचे बरेच व्हिडिओ इकडचे आकडे घेऊन बनवलेले असतात.

इकडे तीन महिन्यांत ४,००० डॉलर खर्च करा आणि साठ-सत्तर हजार पॉइंट घ्या, अशा ऑफर नेहमीच्याच. फी वजा जाता त्यातून भारताच्या तिकिटाचा बराचसा खर्च निघतो. त्यामुळे लोकांनी यात पीएचडी केली आहे. पण बँकाही हुशार झाल्या. चेस बँकेचा अलिखित नियम आहे: २४ महिन्यांत पाच किंवा जास्त नवीन कार्डं घेतली असतील तर सहसा नवीन देत नाहीत. अमेरिकन एक्स्प्रेस एका कार्डाचा वेलकम बोनस आयुष्यात एकदाच देते, आणि गिफ्ट कार्डं घेऊन केलेला खर्च त्यात धरत नाही.

माझे वडील नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये होते, त्यामुळे मला सगळ्यात आवडलेला किस्सा नाण्यांचा. अमेरिकन टांकसाळीने २००८ मध्ये एक डॉलरची नाणी थेट घरपोच द्यायला सुरुवात केली. नाण्याच्या किमतीलाच, टपालखर्च फुकट, क्रेडिट कार्ड चालतं! हेतू हा की लोकांनी नाणी वापरावीत. लोकांनी काय करावं? हजारो डॉलरची नाणी कार्डावर मागवली, खोकी न फोडता बँकेत नेऊन भरली, त्याच पैशांनी कार्डाचं बिल फेडलं. पॉइंट फुकट. २०११ च्या जुलैत टांकसाळीने कार्ड घेणंच बंद केलं. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “नोटांच्या बाबतीत असं कुणी करू बघितलं असतं तर आमच्या गेटवरच सीआयएसएफने धरलं असतं.”

सांगायचा मुद्दा, इकडे कार्डाचं व्याज वर्षाला वीस-बावीस टक्के असतं आणि त्यालाही लोक भितात. तुमच्याकडे महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के. इकडची युक्ती तिकडे नेताना हा एक आकडा तेवढा सोबत न्या.

द्राक्षवेडा, १८ ऑक्टोबर, रात्री ११:५०

ताईने व्याजाचं नाव काढलं म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचणाऱ्यातला. दिंडोरी तालुक्यात तीन एकर बाग आहे. यंदा पाऊस हटेना, छाटण्या मागे-पुढे झाल्यात, रात्री झोप नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट. माझ्याकडे पण असंच कार्ड होतं, ९० दिवसांत एक लाख. मी म्हटलं, आपल्याला काय अवघड? गोडी छाटणी (फळांसाठीची) झाली की डोळे फुटायला पेस्ट, मग फवारण्या, डाऊनी (बुरशीचा रोग) आली की दिवसाआड औषध. कृषी सेवा केंद्रात दोन महिन्यांत लाखभर सहज जातात. आणि तुम्हाला शहरात माहीत नसेल, केंद्रात दोन भाव असतात. रोखीचा वेगळा, उधारीचा वेगळा. उधारी माल निघाल्यावर द्यायची, म्हणून दुकानदार भाव चढवून धरतो. मी कार्ड दाखवलं, तो म्हणाला रोखीचा भाव देतो. एकदम ९२ हजारांचं औषध उचललं, बाकी आठ हजार किराणा आणि डिझेलच्या मोटारीचं काम. बोनसही आला, म्हटलं जिंकलो.

खरेदी १२ ऑक्टोबरची. बिल २० ला बनलं, भरायची तारीख ७ नोव्हेंबर. आणि माझे पैसे कधी? माल निघणार फेब्रुवारीत, व्यापारी पैसे देणार त्यानंतर. नोव्हेंबरात बागेत मणी धरलेला नसतो आणि बँक म्हणते बिल भरा. ‘मिनिमम ड्यू’ ४,६०० लिहिलेलं. मला वाटलं तेवढं भरलं की झालं, बाकीच्यावर थोडंफार व्याज लागेल.

तसं नसतं. पूर्ण बिल भरलं नाही की व्याज खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे १२ ऑक्टोबरपासून लागतं. पावणेचार टक्के महिना, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे जवळजवळ ४.४ टक्के. ९२ हजारांवर महिन्याला ४,००० च्या वर. मी जे मिनिमम भरत होतो त्यातलं बहुतेक व्याजातच जात होतं, मुद्दल जागचं हलत नव्हतं. आणि त्या काळात कार्डावर काही नवीन घेतलं तर त्याला बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. बायकोने त्याच कार्डावर पोराला दप्तर घेतलं, ६५० चं. त्यालाही व्याज लागलं.

२० फेब्रुवारीला सगळं फेडलं. बेरीज केली, व्याज आणि जीएसटी मिळून सोळा हजारांच्या वर. बोनसच्या पॉइंटचं मी मिक्सरचं व्हाउचर घेतलं होतं. घरात त्याला अजून ‘सोळा हजारांचा मिक्सर’ म्हणतात.

केंद्राचा उधारीचा भाव परवडला असता हो.

ताळेबंद, १९ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

द्राक्षवेडा दादा, तुमच्या मिक्सरने सकाळ गाजवली. पीक कर्ज घेता का? किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंत ७ टक्के आणि वेळेत फेडलं तर ४ टक्के पडतं. त्यातही राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतच्या मुदतीत फेडलेल्या कर्जाला शून्य टक्के. दोन्ही ‘क्रेडिट कार्ड’च म्हणायची, पण एकाची मुदत पिकाप्रमाणे ठरते आणि दुसऱ्याची बँकेच्या सोयीने.

आता धागाकर्ते. मी सीए आहे, त्यामुळे मला पॉइंट हे नाणं समजतच नाही, रुपयात सांगा. तुमचे १०,००० पॉइंट किती रुपयांचे? वस्तूंच्या कॅटलॉगमधून घेतले तर अशा कार्डांचा पॉइंट बहुतेक २५ पैशांच्या आसपास पडतो, म्हणजे २,५००. व्हाउचरला ५० पैसे मिळाले तर ५,०००. विमानाच्या तिकिटाला एक रुपया मिळाला तरच १०,०००, तेही तुम्ही विमानाने जाणार असाल तर. फी तुम्ही ५,९०० आधीच भरलेली आहे. म्हणजे व्हाउचर घेतलं तर दीड लाख खर्च करून तुम्ही अजून ९०० रुपये उण्यात. त्यात साडूचे १,७४० मिळवा.

फी तर गेलीच आहे, ती परत येणार नाही, हेही खरं. त्यामुळे आता प्रश्न एवढाच उरतो की होणाऱ्या खर्चातून टार्गेट गाठता येतं का. जास्तीचा एक रुपयाही घालायचा नाही.

भाड्याचं: १५ सप्टेंबर २०२५ ला रिझर्व्ह बँकेचे पेमेंट ॲग्रीगेटरचे (गिऱ्हाइकाचे पैसे गोळा करून व्यापाऱ्याला पोचवणाऱ्या कंपन्यांचे) नवे नियम आले. ज्याच्याशी करार नाही आणि व्यापारी म्हणून केवायसी झालेली नाही, त्याला अशा मार्गाने पैसे पाठवता येत नाहीत. घरमालक काही व्यापारी नाही. म्हणून ॲपवाल्यांनी भाडं बंद केलं. खरं सांगायचं तर मावशीला घरमालकीण दाखवून भाडं भरणाऱ्यांमुळेच हे होणार होतं. माझ्या ओळखीत दोन ‘मावश्या’ होत्या.

शेवटचा प्रश्न. कार्डाची लिमिट किती आणि येत्या सहा महिन्यांत कुठलं कर्ज काढणार आहात का?

इंदिरानगरी, १९ ऑक्टोबर, दुपारी १:४५

लिमिट दोन लाख. आणि हो, पाथर्डी फाट्याला टू बीएचके बघितलाय, डिसेंबरात होम लोनचा अर्ज करायचाय. ४० लाख. त्याचा काय संबंध?

ताळेबंद, १९ ऑक्टोबर, दुपारी २:३०

अहो तोच तर संबंध!

दोन लाखांच्या लिमिटवर एका बिलात लाखभर रुपये दिसले की तुम्ही लिमिटच्या निम्मी वापरली असं सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोला दिसतं. तुम्ही वेळेवर फेडणार हे तुम्हाला माहीत आहे, सिबिलच्या गणिताला नाही. साधारण तीस टक्क्यांच्या आत वापर बरा समजतात. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्यातून एकदा नाही, निदान दर पंधरवड्याला कळवावी लागते. नवीन कार्डासाठी ऑगस्टमध्ये एक चौकशी झाली तीही तिथे नोंदलेली आहे.

बऱ्याच बँका होम लोनचा दर स्कोअर बघून ठरवतात. ४० लाख, २० वर्षं. साडेआठ टक्क्यांऐवजी पावणेनऊ लागला तर हप्त्यात साधारण ६३५ रुपयांचा फरक. २४० हप्त्यांत झाले १,५२,०००. म्हणजे तुमचं अख्खं टार्गेट.

घाबरवत नाही. वापराचा परिणाम टिकत नाही, बाकी खाली आली की स्कोअर सावरतो. मोठा खर्च झाला की बिल बनायची वाट न बघता त्याच आठवड्यात कार्डावर पैसे भरून टाका. बिलात आकडा लहान येईल. खर्च टार्गेटमध्ये धरला जातोच, कारण बँक खर्च मोजते, थकबाकी नाही. आणि डिसेंबरच्या अर्जाआधी स्वतःचा रिपोर्ट काढून बघा, वर्षातून एकदा प्रत्येक ब्युरोकडून फुकट मिळतो.

पंचवटीकर, १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००

मॅडमनी उत्तम सांगितलं. एक जोडतो: ऑटो-डेबिट लावा आणि ते ‘टोटल ड्यू’वर लावा. पुष्कळ जण फॉर्मवर मिनिममच्या चौकोनात टिक करतात आणि वर्षभराने माझ्यासारख्याकडे येतात. तारीख चुकली तर तीन दिवसांपर्यंत लेट फी लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण ते तीन दिवस म्हणजे सवड समजू नका. उशीर मोजला जातो तो मूळ तारखेपासूनच.

इंदिरानगरी, २० ऑक्टोबर, रात्री ११:१५

अभ्यंगस्नान, फराळ सगळं झालं, आता हिशेब. घरच्यांसोबत बसून यादी केली. फक्त होणारच असलेले खर्च.

गाडीचा विमा २८ ला संपतोय, १६,८००. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदू जानेवारीत करायचं ठरलं होतं, डॉक्टर म्हणाले आत्ता केलं तरी चालेल, ३४,०००. (आईला विचारलं. ती म्हणाली, “पॉइंटसाठी माझा डोळा काढतोस का रे?” पण तयार झाली, कारण लग्नात तिला नीट दिसायला हवंय.) मुलाच्या क्लासचा दुसरा हप्ता २२,०००, क्लासच्या मशीनवर, ॲपवरून नाही. बहिणीचं लग्न डिसेंबरात, तिची पैठणी येवल्याहून घ्यायची आहे, १८,५०० पर्यंत. किराणा, औषधं, दिवाळीचं उरलेलं १२,०००.

एकूण १,०३,३००. हवेत १,०४,७००. कमी पडतात १,४००!

विमा आणि हॉस्पिटल धरतात का, हे ईमेलवर विचारून घेतलं. धरतात. साडूला नाही म्हणालो. तो म्हणाला, “बरं झालं, मलाच टेन्शन आलं होतं.”

मेनरोडचा_दुकानदार, २१ ऑक्टोबर, रात्री १२:१०

लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा! येवल्यात जाताय तर आधी फोन करून विचारा, कार्ड घेतात का आणि वर टक्के लावतात का. थेट विणकराकडे घेणार असाल तर बरेच जण रोख नाहीतर क्यूआर. पैठणीत कार्डाचे दोन टक्के म्हणजे ३७०. तिथे भाव तोडता येतो, इथे मशीनशी भाव करता येत नाही.

१,४०० ची काळजी नको. इथले सगळे कट्ट्याला भेटू, मिसळ खाऊ. बिल तुम्ही कार्डाने द्या, आम्ही तुम्हाला पैसे पाठवतो.

द्राक्षवेडा, २१ ऑक्टोबर, सकाळी ५:३०

फवारणीला निघालोय. मिसळीला येतो. मखमलाबाद रस्त्याला ठेवा, मला सोपं पडेल.

सिडको_एक्सप्रेस, २८ ऑक्टोबर, रात्री ८:२२

कबुलीजबाब. धनत्रयोदशीला पाच ग्रॅमचं नाणं घेतलं होतं, कार्डावर. दिवाळी संपली नाही तोच सोनं घसरलं. आज सराफ बाजारात मोडायला गेलो. भरलेला ३ टक्के जीएसटी परत मिळत नाही, हे तिथे काउंटरवर कळलं. वर ते लोक आपल्या भावातून घट धरतात, वर बाजारभावच खाली. मी नुसता चहा पिऊन परत आलो. नाणं कपाटात. बिल १० तारखेला.

टार्गेट मात्र पूर्ण झालं 😐

ताळेबंद, २८ ऑक्टोबर, रात्री ८:४०

बिल पूर्ण भरता येईल ना? नसेल तर नाणं तोट्यात मोडलेलं परवडेल. नाण्यात एकदाच तोटा गेला म्हणून हळहळाल आणि व्याजाचे ४.४ टक्के दर महिन्याला द्याल.

सिडको_एक्सप्रेस, २८ ऑक्टोबर, रात्री ८:४४

भरता येईल ताई. बायकोच्या एफडीतून. तिला अजून सांगितलं नाहीये.

इंदिरानगरी, २ नोव्हेंबर, रात्री १०:०५

कट्ट्याचा वृत्तांत. सहा जण आले. मिसळ झणझणीत, द्राक्षवेडा दादांनी दोन प्लेट रस्सा जास्त घेतला. पंचवटीकर काका साधी मिसळ दह्यासोबत. बिल १,१८०. मी ऐटीत कार्ड काढलं. काउंटरवरच्या मावशी म्हणाल्या, “दादा, मशीन नाहीये, क्यूआर मारा.”

माझं कार्ड रुपे नाही, म्हणजे यूपीआयला जोडता येत नाही. शेवटी दुकानदार दादांनी बिल दिलं आणि मीच त्यांना माझे पैसे पाठवले. काका हसून हसून ठसकले.

पैठणी मात्र येवल्यात १८,५०० ला मिळाली, शोरूममध्ये, वर टक्के न लावता. आईचा डोळा व्यवस्थित. काल पट्टी काढली तर म्हणते, “घराच्या भिंती इतक्या मळल्यात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.” येताना तिचे थेंब आणि तीन महिन्यांच्या बीपीच्या गोळ्या एकदम घेतल्या, १,६१०. अजून तीन दिवस आहेत, पण काकांचं ऐकून आजच उरकलं.

४५,३०० अधिक १,०३,३०० अधिक १,६१०. एकूण १,५०,२१०.

पंचवटीकर, ३ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

छान. आता पैठणी आणि गोळ्यांपैकी काही परत करू नका. तुमच्याकडे फक्त २१० रुपयांची फट आहे.

इंदिरानगरी, ३ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

काका, बहिणीला पैठणीचा रंग पसंत नाहीये.